न चाखता दिलेला निकाल

वाचनालयातल्या मित्रमैत्रिणींनो, आज दुपारी सौंसरला जे घडलं ते या फलकावर लिहिते आहे. कोणी पुसलं तर पुन्हा लिहीन.

महिलांची पाककृती स्पर्धा होती. घरातल्या साध्या जिन्नसांचा भाजलेला पदार्थ आणायचा होता. पहिलं बक्षीस रॉकेलचा स्टोव्ह. आम्ही तिघी परीक्षक.

एका अधिकाऱ्याच्या पत्नीने विजेच्या भट्टीतला केक आणला. गावकुसाबाहेरच्या वस्तीतल्या, संत्री तोडायला जाणाऱ्या शांताबाईने गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले कणकेचे रोडगे आणले, सोबत वांग्याचं भरीत.

केकवर आम्ही तुटून पडलो. रोडग्यांपाशी येताच एक परीक्षक बाई कुजबुजल्या, "हिच्या हातचं कसं खायचं? असेच गुण टाकून द्या." दुसरीने मान डोलावली. मी चिडले, पण भर कार्यक्रमात तमाशा नको म्हणून केकला पहिला नंबर देणाऱ्या निकालावर सही केली. समतेवर तासतासभर बोलणारी मी!

निकाल ऐकून शांताबाई थेट माझ्यापाशी आली.

"बाई, रोडगे तं जसेच्या तसे आहेत. कोणी तोडलाबी नाही. मंग कच्चा का पक्का, कसं समजलं तुमाले?"

ती रोडगे फडक्यात बांधू लागली. मी एक मागितला, तर म्हणाली, "आता राहू द्या जी. लेकरं वाट पाहून राहिले."

निकाल रद्द करा, असं पत्र मी देऊन आले आहे. माझ्या भाषणांना टाळ्या वाजवणाऱ्यांनो, तुमच्यापैकी कोण शांताबाईच्या वस्तीत कधी जेवलं आहे? त्यांनी खाली नाव लिहावं. जागा भरपूर सोडली आहे.