चहाची किटली आणि जावयाची खुर्ची

नऊ वर्षं स्योकाऊ कोर्टात चहा करत होती. दहा वाजले की मॅजिस्ट्रेट चेरोतिचबाईंच्या टेबलावर कपभर चहा आणि उकडलेलं रताळं जायचंच. चर्चमधली वेदी पुसावी तितक्या मनोभावे ती ते टेबल पुसायची.

निवडणुकीत तिचा जावई मुसेंबी अकरा मतांनी वॉर्डातून निवडून आला. हरलेल्याने मोजणीवर हरकत घेतली आणि खटला नेमका चेरोतिचबाईंपुढे आला. त्या दिवशी बाई घरून थर्मास घेऊन आल्या.

“मावशी, निकालापर्यंत तुमचा चहा नको.”

“का मॅडम, माझ्या हाताला विष लागलं का?”

“हात चांगलाच आहे हो. पण मुसेंबी तुमचा जावई ना?”

स्योकाऊला फार लागलं. रविवारी प्रार्थनेतही तिचं मन लागेना.

आठवड्याने मुसेंबी घरी आला. एरवी रीतीप्रमाणे जावई सासूशी कुंपणाबाहेर उभा राहूनच बोलायचा. आज तो थेट चुलीपाशी येऊन टेकला. तिने संकोचून तोंड फिरवलं.

“आई, पाण्याचा पाइप निम्म्यावर आलाय. माझी खुर्ची गेली तर तो तिथंच राहील. चहा देताना बाईंच्या कानावर एवढं घाला.”

“पाण्याचे डबे माझ्याच पाठीवर असतात, जावईबापू. ते मला नका सांगू. मतं खरी असतील तर खुर्ची कशी जाईल?”

मुसेंबीने नजर चुकवून चुलीतलं लाकूड उगाच आत सारलं.

“बाई माझा चहा घेत नाहीत,” ती म्हणाली. “मी रुसले होते. का घेत नाहीत ते तुम्ही चुलीशी आलात तेव्हा कळलं.”

“तुमच्या लेकीला, वायुआला काय सांगू?”

“आईने उठवून लावलं म्हणा.”

फेरमोजणीत मुसेंबी सहा मतांनी हरला. पाइप निम्म्यावरच राहिला. वायुआ तीन रविवार चर्चमध्ये आईच्या बाकावर बसली नाही.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी बाईंनी थर्मास आणला नव्हता.

“मावशी, चहा मिळेल?”

“जावई वरच्या कोर्टात जाणार म्हणतात.”

“जाऊ देत. ते आता माझ्यापुढे नाही.”

स्योकाऊने किटली चढवली. बाईंनी एक घोट घेतला, मग सगळा कप संपवला, आणि साखर घातलीच नव्हती हे तिला रिकामा कप विसळताना आठवलं.

चौथ्या रविवारी वायुआ आली. बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. गाणं सुरू झालं तेव्हा स्योकाऊने आपलं गीतांचं पुस्तक उघडून दोघींच्या मधे ठेवलं.