नंबर हळदीत लागतो

हळदी-मिरवणुकीत वाजवणाऱ्या आमच्या बेंजो पार्टीत मोबाइलवरच्या गाण्यांच्या यादीला कुणी काडीची किंमत देत नाही. त्या सूटबूटवाल्या इंग्रजी गुप्तहेराचा नवा सिनेमा आला की त्याचं गाणं थेट पहिल्या नंबरवर जातं, आणि दर वेळी मी ते बाबांना कौतुकाने दाखवते. बाबांचं उत्तर ठरलेलं, "पालेगावच्या हळदीत बायका नाचायला उठल्या, की नंबर लागला म्हणायचं."

बाबा कारखान्यातून रिटायर झाले तरी बेंजो सुटला नव्हता. आमच्यात बेंजो वाजवेल तोच पार्टीचा मालक. गाणं तो निवडणार, बाकीचे त्याच्या मागे. पण अलीकडे त्यांची बोटं थरथरायला लागली आणि काकांनी टुमणं लावलं, बेंजो आता माझ्या मुलाकडे द्या, मिरवणुकीत पोरगी पुढे कशाला. माझं डोकंच फिरलं. लहानपणापासून अंबरनाथ पूर्वेच्या त्या एवढ्याशा खोलीत मी बेंजो घोटतेय, आणि हा चुलतभाऊ साधी तार लावायला बसला की तोडून मोकळा होतो. बाबांची पंचाईत झाली. शेवटी म्हणाले, येत्या हळदीत तू पुढे उभी राहा, गाणं तुझं तू निवड. बायका उठल्या तर बेंजो तुझा, नाहीतर त्याचा.

मी त्या गुप्तहेराचंच गाणं घेतलं. ताजं, यादीत वर ठाण मांडून बसलेलं. काका हसले. हळदीत हे वाजवणार? हे तर तेराव्याला बसल्यासारखं रडकं आहे, म्हणाले. म्हटलं, हसा खुशाल. आता माघार घेईन तर बापाची लेक नव्हे.

ठरलेल्या दिवशी संध्याकाळी पालेगावात नवरदेवाला हळद लागली. लग्नाची जुनी गाणी म्हणणारी म्हातारी धवलारीण धवले म्हणून थांबली आणि मी वाजवायला घेतलं. अगदी सिनेमातल्यासारखं, सावकाश, एकही सूर न चुकवता. पोरांनी मोबाइल वर धरले. बायका मात्र ढिम्म. कुणी पदराने वारा घेतंय, कुणी जेवायला कधी वाढणार ते विचारतंय. काकांनी चुलतभावाला डोळ्याने खुणावलं.

तेवढ्यात धवलारणीकडे लक्ष गेलं. माझ्याच सुरावर ती मान हलवत होती, पण तिचा हात मांडीवर पडत होता तो हळदीच्या नाचाच्या ठेक्यात. अगं बये, मी सिनेमा वाजवत बसले होते, हळद नव्हे! ढोलवाल्याला ओरडून तोच ठेका धरायला सांगितला आणि सगळे सूर त्याच्यावर चढवले.

पहिली उठली ती धवलारीणच, गुडघ्यांवर हात टेकत. मग नवरदेवाची आई, मावश्या, आत्या, बघता बघता सगळा मांडव. नाचता नाचता म्हातारी माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "ह्यो त आमचाच गाना हाय गो." मी बरं म्हटलं. तिच्याशी कोण वाद घालणार.

परतताना रिक्षात निकाल काय ते बाबांना विचारायचं नाही असं मी ठरवलं आणि बेंजो मांडीवर घट्ट धरून बसले.

सकाळी बाबांचा फोन वाजला. बदलापूरहून कुणी हळदीचं विचारत होतं, कालचं इंग्रजी गाणं वाजवाल ना म्हणून. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"थांबा, पार्टीच्या मालकिणीला देतो," म्हणाले, आणि फोन माझ्या हातात ठेवून चहा टाकायला आत गेले.