मान खाली घालून पाहिलेलं न्यूयॉर्क

न्यूयॉर्क शहर पहिल्यापासून शेवटपर्यंत मान खाली घालून पाहिलेला माणूस जगाच्या पाठीवर एकच असावा, आणि ते माझ्या बायकोचे काका आहेत. एरवी या शहरात आलेला पाहुणा पहिल्या दिवशी जी मान वर करतो ती परतीच्या विमानात बसेपर्यंत खाली आणत नाही. आमच्या न्यू जर्सीतल्या पार्सिपनीच्या घरी दर उन्हाळ्यात कोणी ना कोणी येतंच, त्यामुळे मानेला चोळायच्या मलमाची एक ट्यूब मी कायम आणून ठेवलेली असते. काकांना ती लागली नाही. काका अडतीस वर्षं सरकारी मोजणी खात्यात होते. शेतांच्या हद्दी मोजायच्या, कोपऱ्यांवर दगड ठोकायचे, नकाशा काढायचा आणि दोन्ही बाजूंच्या शिव्या खाऊन संध्याकाळची एसटी गाठायची, असं त्यांचं आयुष्य गेलं. अडतीस वर्षं जमिनीवर राहिलेली नजर अमेरिकेत आली म्हणून वर थोडीच जाणार? सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, आणि काकांचा तर सुंभही चांगला शाबूत होता.

निवृत्तीनंतर मात्र काकांच्या डोक्यात एक खूळ शिरलं. आपण ठोकलेले दगड आता कसे आहेत ते एकदा बघून यावं म्हणून ते स्कूटर काढून तालुकाभर हिंडले, आणि त्यांना एकही दगड जागेवर सापडला नाही. काही बांध कोरता कोरता निखळले होते, काही सरळ उपटून विहिरीत टाकले होते, एक म्हशीच्या खुंट्याच्या कामी आला होता, आणि एक तर गावाबाहेरच्या देवळापाशी शेंदूर फासलेल्या अवस्थेत भेटला. काकांनी स्वतःच्याच हाताने ठोकलेल्या त्या दगडाला नमस्कार केला आणि ते घरी आले. त्यानंतर त्यांनी बोलणंच टाकलं. काकू गेल्या तेव्हासुद्धा भाऊजी इतके गप्प झाले नव्हते, असं सासूबाई फोनवर म्हणाल्या. 'अडतीस वर्षं मी केलं काय?' एवढं एकच वाक्य ते अधूनमधून बोलत, तेही भिंतीकडे बघून. म्हणून आम्ही त्यांना बोलावून घेतलं. विमानतळावर मी वाकून नमस्कार केला, तेव्हा त्यांनी प्रवास कसा झाला वगैरे काही सांगितलं नाही. खांद्यावर हात ठेवून त्यांनी विचारलं, "जावईबापू, इथं हद्दीचे दगड जागेवर राहतात का हो?"

मला कुठलं माहीत असायला! मी आयुष्यात कॉम्प्युटरपलीकडे काही मोजलेलं नाही. मी आपलं "राहत असतील" म्हणालो, आणि हात दाखवून अवलक्षण झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता काका अंघोळ करून, पँटीत शर्ट खोचून, शेजारच्या घराची बेल वाजवत होते. आमचे शेजारी म्हणजे एक निवृत्त, एकटे, गोरे गृहस्थ. पाच वर्षांत आमचं त्यांच्याशी "हाय" आणि "हॅव अ गुड वन" याच्यापुढे बोलणं गेलं नव्हतं. काका त्यांना मोजणीची नोटीस द्यायला गेले होते. लगतच्या खातेदाराला कळवल्याशिवाय मोजणी करायची नाही, हा नियम त्यांनी कधी मोडला नव्हता. तो पार्सिपनीत मोडायचं त्यांना काही कारण दिसलं नाही. दहा मिनिटांनी बायकोने मला हलवून उठवलं. "अरे ऊठ, काका लॉन खणतायत! माझ्या चांगल्या डावाने!" मी खिडकीतून पाहिलं तर शेजारी हाफ पँटीवर, हातात धातू शोधायचं यंत्र घेऊन काकांच्या मागे मागे चालत होते. काका मराठीत बोलत होते, ते इंग्लिशमध्ये बोलत होते, आणि दोघांचं एकमेकांना सगळं कळत होतं. दोन तासांच्या उत्खननात हद्दीची खूण काही निघाली नाही. गवताला पाणी घालायच्या फवाऱ्याचं एक तोंड तेवढं निघालं, तेही मोडून. आठवड्याभरात सोसायटीचं कडक पत्र आलं. काकांनी ते दोनदा वाचून घेतलं आणि पत्रावर जावक क्रमांक नाही, अशी हरकत नोंदवली.

काकांचं पाऊल अडीच फुटांचं. ना कमी, ना जास्त. तरुणपणी मोजणीच्या साखळीबरोबर चालून चालून ते तसं झालं, आणि नंतर साखळी सुटली तरी पाऊल बदललं नाही. त्यामुळे त्यांच्याबरोबर फिरायला जाणं म्हणजे न बोलता जाणं, कारण ते मनात आकडे मोजत असतात. मधेच कोणी काही विचारलं तर ते हाताने थांबवतात, पुढचा कोपरा गाठतात, आकडा सांगतात आणि मग मागच्या प्रश्नाचं उत्तर देतात. न्यूयॉर्कच्या एका गल्लीपासून पुढची गल्ली त्यांच्या एकशे पाच पावलांवर येते. अशा आठ गल्ल्या त्यांनी पहिल्याच दिवशी चालून पाहिल्या. आठही सारख्या निघाल्यावर ते फूटपाथच्या मधोमध उभे राहिले आणि "वा!" म्हणाले. अमेरिकेत त्यांच्या तोंडून निघालेला हा पहिला "वा". मागून येणारी गर्दी त्यांना दोन्ही बाजूंनी वळसा घालून पुढे जात राहिली.

कुठल्याही ठिकाणाचं वर्णन काका चतुःसीमेने करतात. टाइम्स स्क्वेअरला आम्ही गेलो तेव्हा त्यांनी सासूबाईंना व्हिडिओ कॉल लावला. एवढे दिवे, एवढ्या जाहिराती, एवढी माणसं, पण फोन काकांनी स्वतःच्या बुटांवर धरला होता. "वहिनी, आम्ही सध्या मोक्याच्या जागी उभे आहोत. पूर्वेस खाण्याचं दुकान, पश्चिमेस घोड्यावर बसलेला पोलीस, उत्तरेस माकडाचा वेष केलेला इसम, दक्षिणेस आपले जावई. येणेप्रमाणे." पलीकडून सासूबाईंनी विचारलं, "भाऊजी, पण गाव कसं आहे?" तेव्हा काकांनी प्रथमच मान वर करून एकवार सगळीकडे पाहिलं. "याला चौक म्हणतात, पण हा चौरस नाही," ते म्हणाले. "एक रस्ता तिरका घुसलाय मधनं. मोजणीवाल्यानं मुद्दाम सोडलाय. जुना वहिवाटीचा असणार तो. बाकीचे रस्ते नंतर आखले."

तो तिरका रस्ता म्हणजे ब्रॉडवे. मी घरी आल्यावर काकांचं काहीतरी चुकलेलं सापडेल या आशेने शोधायला बसलो, हे कबूल करतो. पण काकांचंच खरं निघालं. शहर व्हायच्या कितीतरी आधीपासून इथल्या मूळ रहिवाशांची ती पायवाट होती. नंतर सगळं बेट चौकटीत आखलं गेलं, तरी ती राहिली. मी हे सांगितलं तेव्हा काका वरणभात कालवत होते. "वहिवाट आहे ती. मोडता येत नाही," एवढंच म्हणाले आणि त्यांनी तूप मागितलं.

स्वातंत्र्यदेवीलाही ते भेटले. पुतळ्याला एक प्रदक्षिणा घातली, ती भक्तीने की मापासाठी ते देवीलाच ठाऊक. "बाई चांगल्या आहेत," असा शेरा दिला आणि मग बराच वेळ पाण्यापलीकडचे दोन्ही किनारे न्याहाळले. "हे बेट आपल्या न्यू जर्सीच्या अंगाला आहे. मग न्यूयॉर्कचं कसं?" मी तिथल्या खाकी टोपीवाल्या बाईंना विचारलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या की इथल्या बेटांवरून दोन्ही राज्यांची भांडणं पिढ्यान्‌पिढ्या चालली, कोर्टापर्यंत गेली. मी भाषांतर केलं. काकांचा चेहरा असा उजळला की बायकोने पटकन फोटो काढून घेतला. "म्हणजे इथंही बांधाचं भांडण आहे!" ते मला म्हणाले, आणि परतीच्या बोटीत त्यांनी आपण होऊन आम्हाला आइस्क्रीम खायला घातलं. त्या एका फोटोत काका समोर बघतायत. बाकी सगळ्या फोटोंत त्यांची टोपी आली आहे.

पण मूळ प्रश्न तसाच होता. शहरभर हिंडून त्यांना जुनी खूण एकही दिसली नव्हती. जायला चार दिवस उरले आणि ते पुन्हा भिंतीकडे बघून बसायला लागले. तेव्हा मला ब्रॉडवेबद्दल वाचताना नजरेखालून गेलेली एक गोष्ट आठवली. दोनशे वर्षांपूर्वी हे शहर आखताना मोजणीवाल्यांनी प्रत्येक भावी चौकाच्या जागी खूण ठोकली होती. त्या जवळजवळ सगळ्या गेल्या. लोकांनी तेव्हाही उपटल्या, आणि मोजायला आलेल्यांवर कुत्रीसुद्धा सोडली. पण एक लोखंडी खुंटा म्हणे अजून सेंट्रल पार्कमधल्या एका खडकात आहे. कोणी काढून नेऊ नये म्हणून नेमकी जागा सांगत नाहीत. काकांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कुत्री सोडली? मग माणूस आपल्याच खात्यातला."

शेवटच्या रविवारी बायकोने एका उंच इमारतीच्या गच्चीची तिकिटं काढली होती, दुपारी दोनची. काकांनी सकाळी दहालाच आम्हाला पार्कच्या कडेला कामाला लावलं. पार्कपाशी येऊन थांबणारा एक मोठा रस्ता आत गेला असता तर कुठून गेला असता, आणि बाजूने येणारी गल्ली त्याला कुठे मिळाली असती, एवढाच त्यांच्या दृष्टीने प्रश्न होता. मला त्यांनी दक्षिणेच्या टोकाला उभं केलं, बायकोला पूर्वेच्या. "तुम्ही दोघं मोजणीचे झेंडे. हात वर. हलायचं नाही." मधे एवढी झाडी की आत शिरल्यावर आम्ही दोघंही त्यांना दिसणं शक्य नव्हतं, तरी हात वर. पाचव्या मिनिटाला बायकोचा फोन आला. "यार, इथे एक फॅमिली मला बघून रांगेत उभी राहिलीये. त्यांना वाटतंय मी टूर गाइड आहे. हात खाली करू?" मी काकांना विचारायला त्यांच्याकडे पाहिलं, तर ते पाठमोरे पावलं टाकत झाडांत नाहीसे होत होते. गुडघा दुखत होता, तरी पाऊल अडीच फुटांचंच पडत होतं.

तासाभराने फोनवर नकाशातली जागा आणि "या" एवढंच आलं. आम्ही धावत गेलो. एका मोठ्या, करड्या खडकावर काका मांडी घालून बसले होते, आणि त्यांच्या तळहाताखाली तो खुंटा होता. अंगठ्याएवढा जाड, गंजून काळा पडलेला, खडकात घट्ट बसलेला. शेजारून माणसं कुत्री घेऊन जात होती, मुलं पळत होती, कोणाचं लक्ष नव्हतं. मला वाटलं, आता काका रडणार. बायकोलाही तसंच वाटलं असावं, कारण ती त्यांच्याजवळ जाऊन बसली. "बघा काका," ती म्हणाली, "एक तरी राहिला ना जागेवर? दोनशे वर्षं."

काकांनी चारी दिशांना पाहिलं, मनातल्या मनात काहीतरी जुळवलं, आणि मग हळूहळू त्यांच्या मिशीखाली हसू यायला लागलं.

"इथं चौक व्हायचा होता, पोरी," ते म्हणाले. "झाला नाही, बाग झाली. या खुंट्यानं कोणाचं काही अडलंच नाही, म्हणून तो राहिला. ज्यानं कोणाचं अडत नाही त्याला कोण हात लावतो?" त्यांनी खुंट्यावरची धूळ बोटाने पुसली. "माझे सगळे उपटले. म्हणजे बरोबर जागी बसले होते की!"

आणि ते हसले. इतके हसले की त्यांना ठसका लागला आणि मला पाण्याची बाटली उघडावी लागली. अडतीस वर्षांचा हिशेब माणसाला असा एका खडकावर बसून लागतो हे मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि खरं सांगतो, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बायकोने धपाटे आणि लसणाची चटणी काढली. आम्ही तिथेच बसून जेवलो. काकांनी एक तुकडा आधी खडकावर ठेवला, तो लगेच खारीने पळवला. "लगतचा खातेदार," काका म्हणाले. उठलो तेव्हा गच्चीची दोनची वेळ केव्हाच टळून गेली होती.

परत गेल्यावर काका बोलायला लागले. आता तर ते थांबतच नाहीत, अशी सासूबाईंची तक्रार आहे. शेजारचे गृहस्थ कुंपणावरून दर आठवड्याला विचारतात, "व्हेन इज द सर्व्हेयर कमिंग बॅक?" मी सांगतो, पुढच्या उन्हाळ्यात. पण डॉक्टरांनी एवढा लांबचा प्रवास आता नको म्हटलं आहे, हे त्यांना सांगायचं माझ्या जिवावर येतं. गेल्या महिन्यात काकांचा फोन आला. दोन चुलतभावांच्या भांडणात कोणालाच जुना दगड कुठे होता ते सांगता येईना, म्हणून लोक त्यांना न्यायला आले होते. काका विहिरीपासून चालत गेले आणि काठी टेकवून म्हणाले, इथं. खणल्यावर दगडाखाली पुरलेला कोळसा निघाला. तो त्यांनीच पूर्वी खुणेसाठी घातला होता. दगड पुन्हा बसला. मी विचारलं, "काका, किती दिवस राहील?" ते म्हणाले, "पेरणीपर्यंत राहिला तरी खूप झालं. उपटला तर परत दाखवीन."

काकांना आता पंचाहत्तरावं लागलं आहे. तालुक्यातल्या त्या सगळ्या जागा कुठल्याशा नकाशांत आहेत म्हणतात, पण मला तरी त्या एका माणसाच्या पायांतच आहेत असं वाटतं. त्या पायांची मला इथे बसून फार काळजी वाटते.