मागितलेली माफी

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना आमच्या तालुक्याच्या कॉलेजात विद्यार्थ्यांच्या आकांक्षा उंचावण्याची योजना आली. पुण्याहून एक मार्गदर्शक आले. त्यांनी आम्हाला डोळे मिटायला लावले आणि मग कार्डावर आपलं स्वप्न लिहायला सांगितलं.

माझा मामा लोणारचा. दर सुट्टीत तिथल्या सरोवराच्या काठचे काळे दगड पाहतच मी मोठी झाले, म्हणून मी लिहिलं, भूशास्त्रात एम.एस्सी. त्यांनी ते वाचून दाखवलं, छान म्हणाले, आणि पुढे सांगितलं की या भागातल्या मुलांना सगळं मिळतं, कमी पडते ती इच्छाशक्ती.

मी उभी राहिले.

"सर, इच्छा कमी नाही. आमचं प्रॅक्टिकल साडेचारले लागते अन् गावाकडची शेवटची बस पाचले निंगते. गेल्या वर्षभरात माह्या हातून एकही प्रयोग पुरा झाला नाही. तो काऊन झाला नाही, हे इचारा ना."

माझ्या बोलीला मागून कुणीतरी हसलं. मार्गदर्शक म्हणाले, कारणं सांगणारे पुढे जात नाहीत.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी बोलावून पाहुण्यांची लेखी माफी मागायला सांगितलं. माझी आई गावच्या शाळेत खिचडी शिजवते. घरी गेल्यावर तिला सगळं सांगितलं.

"खोटं बोलली का तू?" तिनं विचारलं.

"नाही."

"मंग माफी कायची?"

माफीच्या कागदावर मी प्रॅक्टिकलची वेळ लिहिली, बसची वेळ लिहिली. खाली प्रयोग अर्धवट टाकून पळणाऱ्या अकरा मुलींनी सह्या केल्या. प्राचार्य चिडले, कागद खणात गेला. महिन्यानं मी तसाच दुसरा दिला. तिसऱ्या वेळी रसायनशास्त्राच्या मॅडमनी तो माझ्या हातून घेतला, शांतपणे वाचला आणि आमच्या सह्यांखाली स्वतःची सही केली. त्यांनाही बोलणी खावी लागली.

दिवाळीनंतर प्रॅक्टिकल दुपारी बारावर आलं. कशामुळे, ते कुणी सांगितलं नाही. सूचनाफलकावर मात्र योजनेचा अहवाल लागला: शिबिरामुळे विद्यार्थ्यांच्या आकांक्षांत वाढ.

तोवर अकरांतल्या दोघींनी कॉलेज सोडलं होतं. एकीचं लग्न झालं, दुसरी साखरखेर्ड्याला कापडाच्या दुकानात लागली. पहिल्याच कागदावर कुणी विचार केला असता, तर त्या कदाचित टिकल्या असत्या. मी एम.एस्सी. केलं. माझं कौतुक करताना लोक माझ्या जिद्दीबद्दल बोलतात. मी त्यांना थांबवते आणि सांगते, जिद्द त्या दोघींचीही तेवढीच होती.