मामीचा घेवडा आणि भोगीचं तिसगाव

जानेवारीत लोक थंडी खायला महाबळेश्वरला जातात. आम्ही तिसगावला गेलो. तिथे माझी मामी राहते, आणि भोगीच्या भाजीसाठी मंडईत जाणाऱ्यांना ती माणसांत धरत नाही. वांगं, गाजर, हरभरा, घेवडा, सगळं स्वतःच्या परसातलं हवं. बाजारचे फक्त तीळ चालतात. गेली कित्येक वर्षं ती मला भोगीला बोलवत होती. या वर्षी सुट्टी जुळून आली, आणि सुधीर, म्हणजे माझा नवरा, बाजरीच्या भाकरीच्या लोभाने लगेच तयार झाला.

मला आणखी एक काम होतं. गेल्या होळीला मामीने तिच्या घेवड्याचं मूठभर बी मला दिलं होतं. दसऱ्यानंतर मी ते पुण्याच्या गच्चीवर लावलं. वेल चढला, पसरला, टाकीच्या वर गेला, पण फुलाचा पत्ता नाही. सुधीर त्याला 'हिरवा पडदा' म्हणतो आणि त्यावर टॉवेल वाळत घालतो. तर याचं काय करावं, हे मामीला विचारायचं होतं.

पुण्याहून निघायचं तर उजाडायच्या आत निघा, नाहीतर अर्धा दिवस वाघोलीतच जातो. शिरूरला मिसळ आणि चहा झाला. दोघांचे मिळून दोनशेसुद्धा लागले नाहीत. नगर मागे टाकून पाथर्डीचा रस्ता धरला की हवा कोरडी होत जाते आणि ओठ फुटायला लागतात, व्हॅसलीन जवळ ठेवा. करंजी घाट छोटा आहे, पण वर थांबाच. खाली ज्वारीची शिवारं दिसतात, आणि पाऊस या भागाला दरवर्षी वाकुल्या दाखवून का जातो, हे ते डोंगर बघून थोडंफार समजतं. घाट उतरला की तिसगाव जवळच. राहायला मात्र नगर किंवा पाथर्डी बरं, सगळ्यांना मामी असेलच असं नाही.

मामीचं घर बाजारपेठेच्या मागे, आणि घरामागे परस. मामा गेल्यापासून ती एकटीच असते. मुलगा नगरच्या नागापूर एमआयडीसीत कामाला, रविवारी येतो. तो तिला नगरला राहायला बोलवून थकला. तिचं ठरलेलं उत्तर, "परसाला पानी कोन घालील?" न्हाणीचं पाणी आळ्यात, भांड्यांचं केळीला, तांदूळ धुतलेलं कढीपत्त्याला. एक तांब्यासुद्धा फुकट जात नाही. माझ्या वेलाची कुंडली तिने उभ्या उभ्या ऐकून घेतली आणि म्हणाली, उशिरा लावलास, आता थंडी खाऊ दे त्याला, घाई करू नको.

तिच्या स्वतःच्या घेवड्याचं मात्र या वर्षी काही खरं नव्हतं. परतीचा पाऊस रेंगाळला, मग आठवडेच्या आठवडे आभाळ, आणि आभाळ आलं की वेलावर माव्याची कीड पडते. फुलं गळली. राखेचा मारा करून मामीने वेल वाचवला होता, पण शेंगा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या.

भोगीच्या सकाळी थंडी अशी की नळाला हात लावला तर बोटं आपली वाटेनात. मामी चुलीपुढे, मी गाजरं चिरत बसलेली. सुधीरला वाटलं आपणही काही मदत करावी. तो टोपली घेऊन परसात गेला आणि वांगी, हरभऱ्याचे घाटे, थोडा घेवडा घेऊन आला. घेवड्याच्या शेंगा टपोऱ्या होत्या. मी सोलल्या, मामीने पाठमोरीच भाजीत सोडल्या. तीळ लावलेली भाकरी, लोण्याचा गोळा आणि ती भाजी; वर्णन करत नाही, उगाच जळाल. "न खाई भोगी तो सदा रोगी" म्हणत सुधीरने चार भाकऱ्या संपवल्या.

हात धुऊन आल्यावर त्याने खिशातून नीट घडी केलेल्या चार-पाच लाल चिंध्या काढून मामीपुढे ठेवल्या.

मामी सुपारी कातरत होती, तिचा अडकित्ता थांबला. "या कुठं गावल्या तुमाला?"

"घेवड्याच्या शेंगांना होत्या ना, तोडायच्या शेंगांची खूण. फाडल्या नाहीत, सोडवून ठेवल्या. पुढच्या वेळी लागतील."

मामीने चिंध्या त्याच्याकडेच सरकवल्या, राहू द्या म्हणाली, आणि परसात गेली. मी मागोमाग. ती वेल खालून वर चाचपत होती, एकेक पान उलटून; शेंग एकही उरली नव्हती.

"बियाला राखलेल्या हुत्या त्या," ती हळूच म्हणाली. "चिंधी बांधली की कुनी तोडत न्हाई. हितं बारक्या पोरालाबी ठाव हाय."

जुनं बी? ते तिने लावून आणि वाटून टाकलं होतं, कोणी मागितलं की मूठभर. आणि ज्यांना दिलं त्यांचे वेलही याच माव्याने बसलेले. "माझ्या आईनं ओटीत घातलेलं बी हुतं," एवढंच म्हणून तिने पदराने नाक पुसलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेंगा सोलल्या मी, म्हणजे अर्धं पाप माझंच.

मी सुधीरला चार शब्द सुनावायला निघाले, तर तिने माझा दंड धरला. "त्यांना काय बोलू नको. जावई हायेत, सनाला आलेत." आणि आत जाऊन जावयाला म्हणाली, बेस केलं, सणाला चांगलं तेच घालावं. वर वाटीभर भाजी आणखी वाढली. त्यानेही ती खाल्ली.

संक्रांतीला परतताना करंजी घाटात मी त्याला सगळं सांगितलं. त्याने गाडी बाजूला घेऊन उभी केली. मग नगरमध्ये बियाण्यांच्या दुकानात शिरून घेवड्याची होती नव्हती तेवढी पाकिटं घेऊन आला. रंगीत चित्रांची सुंदर पाकिटं होती. मामीचा घेवडा त्यातल्या एकातही नव्हता, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

घरी पोचल्यावर बॅगा दारातच टाकून तो आधी गच्चीवर गेला. हिरवा पडदा तसाच. त्या दिवसापासून त्यावर टॉवेल पडला नाही. पुण्यातही थंडी वाढली, आणि रोज ऑफिसला जाण्याआधी तो चहाचा कप घेऊन वेलापुढे उभा राहायला लागला. एका सकाळी त्याने मला गच्चीवरून अशी हाक मारली की वाटलं टाकी फुटली. पानांच्या आड जांभळ्या फुलांचा तुरा होता. मग दुसरा, तिसरा. शेंगा धरल्या, फुगल्या. एकीलाही आम्ही भाजीची नजर लावली नाही.

भोगीच्या दिवशीची पँट दरम्यान धुऊन निघाली होती. खिशातल्या चिंध्या थोड्या विटल्या होत्या, इतकंच. मामीच्या जुन्या लुगड्याच्या काठाच्या होत्या त्या. सुधीरने सगळ्यांत टपोऱ्या शेंगा निवडून त्यांना एकेक चिंधी बांधली, गाठ पुन्हा पुन्हा तपासली आणि मामीला व्हिडिओ कॉल लावला.

मामी मोबाईल डोळ्यांजवळ नेऊन बघत राहिली. आम्हाला नुसतं तिचं कपाळ दिसत होतं.

या सहलीत वृद्धेश्वराचं देऊळ राहिलं, मढीचा गड राहिला. तुम्ही गेलात तर नक्की बघा. आमच्यासोबत भाकरीची चव आली, आणि सुधीरचं एक नवं भय. तो आता मंडईतसुद्धा शेंग उचलायच्या आधी तिला काही बांधलंय का बघतो.

आणि मामी येतेय. ज्या बाईने परसापायी मुलाकडे दोन रात्री काढल्या नाहीत, तिने शेजारणीला पाण्याच्या पाळ्या शिकवायला घेतल्यात. त्या दिवशी फोनवर कपाळाच्या जागी डोळे आले, तेव्हा ते भरलेले होते.

"होळीच्या आदी येते," ती म्हणाली. "बी मी माझ्या हातानं काढनार. जावईबापू, तवर तुमी नुसतं बघा."