रोशनपुऱ्याचा चढ

आत्या गेली त्या सकाळी मी पुण्यात मेथी निवडत बसले होते. फोन रेखाचा होता. भोपाळला शाहपुऱ्यात आत्या वरच्या मजल्यावर राहायची आणि रेखाचं कुटुंब खाली. "ताई, मॅडम गेल्या," ती म्हणाली. "सकाळी तळ्याला चक्कर मारून आल्या, चहा घेतला, बोलल्या, थोडी लेटते… आणि बस." रेखाचा जन्म भोपाळचा, तिच्या मराठीत हिंदी असंच मिसळलेलं असतं. मग ती म्हणाली, "डॉक्टर आले होते. मी मॅडमची फाइल दाखवली. त्यातला जुना एक्स-रे बघून विचारत होते, हा यांचाच आहे ना?"

त्या तरुण डॉक्टरला शंका आली यात नवल नाही. तो फोटो मी लहानपणापासून पाहत आले आहे. उजवं फुप्फुस आकसून मुठीएवढं झालेलं, त्यावर पांढरे डाग, छातीचा पिंजरा एका अंगाला ओढलेला. ज्या बाईचा हा फोटो, ती ब्याण्णव वर्षं जगली आणि शेवटच्या सकाळीही तळ्याला चक्कर मारून आली. कसं, ते मला ठाऊक आहे, कारण त्याची सुरुवात झाली तेव्हा मी तिच्याबरोबर होते.

इंदुमती माझ्या वडिलांची धाकटी बहीण. आम्ही नागपूरचे. कॉलेजात असताना, अठराव्या वर्षी, तिला क्षय झाला. दीड वर्ष ती सॅनेटोरियममध्ये होती. फुप्फुसाला विश्रांती मिळावी म्हणून छातीत जाड सुई खुपसून हवा भरत आणि ते मिटवून ठेवत. पुढे नवी इंजेक्शनं आली, आजार आटोक्यात आला, पण मिटलेलं फुप्फुस पुन्हा पुरतं उघडलं नाही. जमत आलेलं लग्न मोडलं. घरी पाठवताना डॉक्टरांनी सांगितलं, पूर्ण विश्रांती. ती विश्रांती किती दिवस घ्यायची, हे त्यांनी सांगितलं नाही आणि आमच्याकडल्या कुणी विचारलंही नाही. आत्या खाटेवर पडली ती पडूनच राहिली.

छप्पन साली राज्यांची फेररचना झाली. नागपूरची राजधानी गेली, भोपाळला नवी राजधानी झाली, आणि सचिवालयात कारकून असलेल्या दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, फायली, कपाटं आणि टाइपरायटरांच्या मागोमाग तिकडे जावं लागलं. इंदूला नागपुरातच कुणाकडे तरी ठेवा, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. तिला तिकडची हवा मानवायची नाही म्हणे. आत्या खाटेवरूनच म्हणाली, "इथली तरी कुठे मानवली?" तिचा बिछाना आमच्या सामानात बांधला गेला.

भोपाळात नव्या वस्तीतले क्वार्टर अजून अर्धेमुर्धे होते. खिडक्यांना काचा नव्हत्या, नळ उताराच्या खाली होता, आणि तलावावरून येणारा वारा हाडापर्यंत पोचायचा. पहिल्या महिन्यात आम्हा सगळ्यांनाच तिथलं पाणी बाधलं. दादांच्या हातावर पुरळ उठलं, माझं पोट महिनाभर ठिकाणावर नव्हतं, आईला तर त्या चढउतारानं गुडघे धरून बसायची वेळ आली. नागपूर कसं सपाट, इथे दूध आणायचं तरी एक टेकाड उतरून दुसरं चढायचं. पण दीडदोन महिन्यांत, कुणी काही औषध न देता, पोटं सावरली, पुरळ गेलं, आणि आई दोन्ही हातांत बादल्या घेऊन बोलत बोलत चढ चढायला लागली. आमच्या शरीरांनी भोपाळ मान्य केलं होतं. आत्या मात्र खाटेवरून दारापर्यंत गेली तरी चौकटीला धरून उभी राहायची.

तिचं ताट वेगळं होतं. ॲल्युमिनियमचं, कडेला लाल रंगाची खूण केलेलं, स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलेलं. पेला वेगळा, टॉवेल वेगळा. मी आठ वर्षांची होते आणि माझ्या पाठची बहीण तान्ही होती. "आत्याच्या फार जवळ बसायचं नाही," असं आई मला रोज बजावायची. आईला दुष्ट म्हणवत नाही. तिनं स्वतःचा भाऊ त्या आजारात गमावलेला होता.

हिवाळ्यात आत्याला खोकला झाला तेव्हा दादा तिला दवाखान्यात घेऊन गेले आणि हट्टानं मीही गेले. तिथे डॉक्टर जमीला म्हणून एक भोपाळच्याच बाई होत्या. पांढरी ओढणी, मोठा चष्मा. त्यांनी तिला तपासलं, फोटो काढला, थुंकी तीनदा तपासली. तीनदाही स्वच्छ. सगळे कागद समोर ठेवून त्या म्हणाल्या, "बीमारी तो कब की जा चुकी है, बीबी. फिर आप लेटी क्यों हैं?"

"विश्रांती सांगितली होती," आत्या म्हणाली.

"किसने? कब?"

आत्यानं दादांकडे पाहिलं. दादा खिडकीबाहेर पाहू लागले. "साडेतीन वर्षं झाली," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. खुर्ची पुढे ओढून त्या सावकाश समजावू लागल्या, आणि ते मला आजही पाठ आहे. पडून राहिलं की शरीराला वाटतं, आता एवढ्याचीच गरज आहे. मग ते बाकीचं सोडून देतं. पाय बारीक होतात, हृदय आळसावतं. त्याच्याकडे रोज थोडं जास्त मागायचं आणि मग त्याला आराम द्यायचा. आरामात ते पुढच्या मागणीची तयारी करतं. "ज़्यादा माँगोगी तो रूठ जाएगा," त्या म्हणाल्या, "कुछ नहीं माँगोगी तो सो जाएगा." त्यांनी तिला मनगटावर दोन बोटं ठेवून नाडी मोजायला शिकवलं. चालून आल्यावर नाडी लवकर खाली आली तर चार दिवसांनी अंतर वाढवायचं, नाही आली तर कमी करायचं. एवढाच नियम.

आमच्या घरापासून रस्ता उतरत रोशनपुऱ्याकडे जायचा आणि पुढे तलावाच्या बाजूला खोल उतरायचा. कडेला तारेचे खांब होते. पहिल्या दिवशी आत्या एका खांबापर्यंत गेली. दादांचं घड्याळ माझ्या हातात होतं. परत येताना ती वाटेतल्या दगडावर बसली, तिचे ओठ निळसर झाले होते, आणि नाडी खाली यायला इतका वेळ लागला की मी घाबरून रडायला लागले. "रडू नकोस, आकडा विसरशील," ती म्हणाली.

दोन खांब. तीन खांब. आई दारात उभी राहून बघायची आणि म्हणायची, "वन्सं, छाती फुटेल एखाद्या दिवशी." संक्रांतीच्या दिवशी आत्याला फार बरं वाटत होतं, म्हणून ती नियम मोडून एकदम दुप्पट गेली. संध्याकाळी तिला ताप भरला. आठ दिवस ती पुन्हा खाटेवर होती, आणि मला वाटतं, आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं, ती भिंतीकडे तोंड करून रडली. ताप उतरल्यावर डॉक्टरीणबाईंनी फक्त एवढंच विचारलं, "बुख़ार गया? तो चलिए, पहले खंभे से." ती पुन्हा पहिल्या खांबापासून सुरू झाली. पण या खेपेला तीन खांब गाठायला निम्मेच दिवस लागले. शरीर सगळं विसरलं नव्हतं…

वर्षभरानंतर रोशनपुऱ्याचा अख्खा चढ ती न थांबता चढली. वर पोचल्यावर मलाच दम लागला होता. तिनं मनगट धरलं, मोजलं, आणि घड्याळ माझ्या हातातून घेऊन स्वतःच पाहिलं, जणू माझ्या सांगण्यावर भरवसा नव्हता. मोठ्या उमेदीनं ती नवा फोटो काढायला गेली, आणि तो फोटो हुबेहूब जुन्यासारखाच निघाला. तीच मूठ, तेच डाग. "म्हणजे काहीच बदललं नाही?" तिनं विचारलं. डॉक्टर जमीला म्हणाल्या, "फेफड़ा वही है. दिल बदल गया है, टाँगें बदल गई हैं. अब ये दोनों कम साँस में ज़्यादा काम करना सीख गए हैं. फोटो में ये नहीं आता."

त्या दिवसांत नव्या वस्तीत मुलींची शाळा निघाली होती आणि शिक्षिका हव्या होत्या. आत्यानं खाटेवर पडल्या पडल्या बाहेरून परीक्षा देऊन पदवी घेतली होती. तिची निवड झाली, पण नोकरीआधी सरकारी डॉक्टरांकडून तब्येतीचा दाखला लागे. त्यांची कचेरी एका नवाबी इमारतीत वरच्या मजल्यावर होती. दादांना कामावरून सुटता आलं नाही, म्हणून आत्या मला घेऊन गेली. ते डॉक्टर वयस्क, चांगले धिप्पाड होते. फोटो उजेडाकडे धरून त्यांनी खाली ठेवला आणि ते म्हणाले, "बाईजी, आपल्याला मी काही देऊ शकत नाही. हा फोटो बघितलात ना?"

"पाहिलाय," आत्या म्हणाली. बोलणं हिंदीतच चाललं होतं, आणि तिचं हिंदी तेव्हा पक्कं नागपुरी होतं. "पण साहेब, फोटो श्वास रोखून काढतात. मी शिकवणार ती श्वास घेत घेत. मला काम करताना बघा आणि मग लिहा."

त्यांना राग येईल असं मला वाटलं. ते बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले, मग उठून जिन्याशी आले. दगडी जिना, उंच उंच पायऱ्या. "तीन बार," ते म्हणाले. आत्यानं पदर खोचला. पहिल्या फेरीला ती सावकाश गेली, दुसरीलाही तशीच, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की ती घाई मुद्दामच करत नाहीये. बाजूच्या खोलीतले दोन कारकून बाहेर येऊन उभे राहिले. तिसऱ्यांदा वर आली तेव्हा तिचा श्वास जोरात चालला होता, चेहरा लाल होता, पण ओठ निळे नव्हते. डॉक्टरांनी तिची नाडी धरली आणि घड्याळावर नजर ठेवली. काही मिनिटांनी त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

"रोज कितना चलती हैं आप?"

"रोशनपुऱ्याचा चढ. दोन वेळा."

"मैं ताँगे से आता हूँ," ते म्हणाले आणि आत जाऊन त्यांनी दाखल्यावर सही केली.

आम्ही चालतच परत आलो. वाटेत आत्यानं माझा हात इतका घट्ट धरला होता की बोटं दुखली. घरी आल्यावर तिनं दाखला आईच्या हातात दिला. आईनं तो दोनदा वाचला, घडी करून देवापुढे ठेवला. मग खिडकीतलं लाल खुणेचं ताट उचललं आणि मागच्या अंगणात कोळशाच्या ढिगावर टाकून दिलं. आत येऊन माझ्या शेजारी पितळी ताट मांडलं, स्वतः जेवायची तेच. "वन्सं, बसा," ती म्हणाली, "भात गरम आहे." आत्या बसली, पण पहिला घास घ्यायला तिला वेळ लागला… आई पाठ करून चुलीशी उगाच लाकडं सारत राहिली.

पुढे तीसेक वर्षं आत्यानं त्या शाळेत शिकवलं. आरोग्याच्या तासाला ती रोगांचे तक्ते भिंतीवर लावत नसे. मुलींना मैदानाला चक्कर मारायला लावायची, एकमेकींची नाडी मोजायला लावायची आणि मग वर्गात विचारायची, आता सांगा, काय काय झालं तुमच्या आत? घाम का आला, भूक का लागली, छाती का धडधडली? पुढे पन्नाशीला पोचलेल्या तिच्या जुन्या विद्यार्थिनी जवाहर चौकात तिला थांबवून मनगट पुढे करायच्या. तिचं सगळंच सुरळीत होतं असं मात्र नाही. साधी सर्दी झाली तरी ती घाबरायची, आणि मोठ्यानं गाणं तिला कधी जमलं नाही. लग्नाचा विषय पुन्हा निघाला होता, तिनंच नको म्हटलं. का, ते मला कळलं नाही.

चौऱ्याऐंशीव्या वर्षी ती स्नानघरात पडली आणि खुबा मोडला. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, या वयात आता घरातल्या घरात फिरल्या तरी खूप. मी ते आत्याला सांगताना शब्द शोधत होते. तिनं विचारलं, "उभं कधी करणार आहेत, ते सांग." दुसऱ्या दिवशी वॉकर धरून ती पलंगापासून खुर्चीपर्यंत गेली. तिसऱ्या दिवशी दारापर्यंत. त्या दिवाळीला मी शाहपुऱ्याला गेले तेव्हा ती मला काठी टेकत तळ्यावर घेऊन गेली, आणि मध्ये दोनदा थांबली ती माझ्यासाठी.

ती गेल्यावर खोली आवरायला मी आणि रेखा बसलो. फार काही नव्हतं. दाराशी पांढरे कॅनव्हासचे बूट होते, कोरे म्हणावेत असे, फक्त टाचा बाहेरच्या अंगाला झिजलेल्या. रेखा म्हणाली, दोन महिन्यांपूर्वीच घेतले, दुकानदार स्वस्तातले दाखवत होता, मॅडम बोलल्या, टिकाऊ दाखवा. मी पायात घालून पाहिले. आत्याचा पाय लहान, माझा आत गेला नाही. रेखाच्या सासूबाई गेल्या वर्षीच्या दुखण्यापासून घरातच बसून आहेत, त्यांना ते बरोबर बसले. मी पुण्याला परतल्यावर आठवड्यानं रेखाचा फोन आला. सासूबाई बूट घालून फाटकापर्यंत जाऊन आल्या होत्या, आणि उद्या कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत जाईन म्हणत होत्या.