फुलाआत्याची ओवी आणि दहाची लाईट

कळसच्या जोतीरामला नवं गाणं नेटवर सोडायचं होतं आणि फुलाआत्या परवानगी देत नव्हती.

जोतीराम बारामतीत जळालेल्या पाण्याच्या मोटारींना नवी तार भरून देतो. दुकान बंद झालं की गिटार काढतो, एका गोंधळी मित्राला संबळ घेऊन बोलावतो आणि गाता गाता मधूनच शहरातल्या पोरांसारखा भराभर बोलत सुटतो. अशी सात गाणी झाली. ऐकणाऱ्यांत निम्मे आम्ही मित्रच. आठव्यात मात्र त्याने आत्याची जात्यावरची ओवी घेतली, तीही तिच्याच आवाजात:

पानी चाललं सरीला, दारं धरीतो गं भाऊ
झाकल्या भाकरीला, आधी कशी हात लावू

खोऱ्याने सरीचं तोंड उघडून उसाला पाणी देणारा हा भाऊ म्हणजे जोतीरामचे वडील, भीमातात्या.

आत्याने अट घातली, "गावासमोर वाजीव. मला पटलं तर सोड. न्हायतर माझी ओवी मला परत दे."

ओवी परत कशी द्यायची, हे विचारायची जोतीरामची छाती झाली नाही.

सोमवारी सकाळी नऊला मारुतीच्या देवळासमोर कार्यक्रम ठरला. शेतीची लाईट दहाला येणार होती आणि गाणं होतं साडेचार मिनिटांचं. वेळच वेळ. पण सूत्रसंचालन माझ्याकडे होतं, आणि कबूल करतो, सत्कारांची यादीही मीच केली होती. मी पडलो शाळामास्तर. एक नाव राहिलं तर वर्षभर तोंड चुकवत फिरावं लागतं. माजी सरपंच विजयसिंहरावांचा सत्कार झाला. मग त्यांच्या हस्ते मंडपवाल्याचा, कर्णेवाल्याचा आणि ज्याने सत्काराचे नारळ आणले त्याचाही, त्याच्याच नारळाने. शेवटी मी "आता ज्या क्षणाची आपण" एवढं म्हणालो आणि देवळामागच्या विहिरीवरची मोटार घरघरली.

"लाईट आली!"

अख्खा मंडप उठला. माणसं खांद्यावरच्या शालींसकट पळाली. विजयसिंहराव गळ्यातल्या हारासकट गेले. सगळ्यांत पुढे भीमातात्या. गाणं पोराचं असलं तरी ऊस आठ दिवसांचा तहानलेला होता. मागे उरलो जोतीराम, मी आणि गुडघ्यांमुळे उठू न शकलेली आत्या. मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"आत्या, पुढच्या सोमवारी ठिवू," जोतीराम पडेल आवाजात म्हणाला.

"आत्ताच वाजीव. ओवी काय खुर्चीत बसून ऐकायची असती व्हय? हात चालू असताना ऐकायची."

त्याने गाणं लावलं. देवळावरचे चारही कर्णे शेतांकडे तोंड करून होते. संबळ घुमला, त्यावर गिटार, मग आत्याचा खरबरीत आवाज. जोतीरामचं भराभर बोलणं आलं तशी ती म्हणाली, "ह्याच्या मागं कोण लागलंय?" बाकी तोंडावरची रेष हलली नाही. गाणं संपलं. जोतीराम नखं खात उभा.

तेवढ्यात बांधावरून भीमातात्या आले. गुडघ्यापर्यंत चिखल, खांद्यावर खोरं.

"दारं सोडून आलास? सरी फुटंल की!" आत्या ओरडली.

"फुटू दे."

तात्या तिच्या शेजारच्या खुर्चीत टेकले. जात्यावरच्या ओव्या बायकांच्या. ही त्यांनी जन्मात कधी ऐकली नव्हती. ते तिच्याकडे वळले.

"अक्का, तू माझ्यासाठी उपाशी ऱ्हायाचीस?"

"भाकरीच एवढीशी असायची," आत्या म्हणाली. "त्यात काय मोठं?"

"आन् आज? न्याहारी केलीस का?"

आत्याने तोंड दुसरीकडे फिरवलं. "तू कुठं केलीस अजून?"

तात्यांनी खोरं खाली ठेवलं. मी हातातला माईक बंद केला.

"जोत्या," आत्या पदराने नाक पुसत म्हणाली, "सोड तुझं गाणं. पर आधी आमा दोघांची भाकरी आन."